मुदतीचा कायदा व दख्खनचा कुणबी

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजाराच्या गावी आसपासच्या खेड्यांतील शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली. शहाजीराजांच्या जहागिरीमुळे पुण्याच्या जोडीने ज्याचे नाव इतिहासात आले, तेच हे सुपे. जमावाने सावकारांकडे प्रामुख्याने मागितले ते कागद : खातेवह्या, कर्जरोखे, गहाणखते आणि न्यायालयाचे हुकूमनामे. जेथे ते मुकाट्याने हाती पडले तेथे बहुधा कोणाच्या अंगास धक्का लागला नाही. जेथे नकार मिळाला तेथे मारहाण व जाळपोळ झाली. मिळालेल्या कागदांची चौकात होळी झाली. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांतील तीसहून अधिक गावांत पोचले. दख्खनचे दंगे या नावाने आपण जो प्रसंग ओळखतो, तो हाच.

शालेय इतिहासात या प्रसंगाची कारणे सांगताना अमेरिकेतील यादवी युद्ध, त्या युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इकडच्या कापसाला चढलेला भाव, युद्ध संपताच झालेली घसरण, शेतसाऱ्याच्या फेरआकारणीत झालेली वाढ आणि सावकाराचे जबर व्याज इतक्या गोष्टी येतात. त्या सर्व खऱ्या आहेत. तथापि त्यांच्यावरून त्या होळीचा पूर्ण उलगडा होत नाही. भाव पडला म्हणजे शेतकरी कंगाल होतो, सारा वाढला म्हणजे तो सरकारवर रुष्ट होतो. परंतु त्याचा सारा रोष कागदावरच का निघावा? या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी एका रुक्ष कलमात सापडते. दावा किती वर्षांच्या आत लावावा, एवढेच सांगणारे ते कलम होय. पाठ्यपुस्तकात त्याला अर्धे वाक्य मिळते. त्याचा मागचा-पुढचा इतिहास सांगणे हा या लेखाचा हेतू आहे.

कोणताही हक्क न्यायालयात किती काळापर्यंत मागता येईल, याची मर्यादा घालणारा कायदा तो मुदतीचा कायदा. मराठी बोलीत 'दाव्याची मुदत गेली' असे आपण म्हणतो; उत्तरेकडच्या व हैदराबादच्या जुन्या कचेऱ्यांत 'मियाद' आणि 'तमादी' हे शब्द रूढ झाले. हे तिन्ही शब्द फार्सी-अरबी वळणाचे, कचेरीतून घरात आलेले आहेत. पण त्यांच्या मागची कल्पना मात्र बाहेरून आलेली नाही. काळ लोटला म्हणजे साक्षीदार मरतात, कागद कुजतात, स्मृती पुसट होते. खरेखोटे निवडणे दिवसेंदिवस अवघड होत जाते. शिवाय जो मनुष्य एखाद्या जमिनीवर वर्षानुवर्षे राबला, त्याच्या पायाखालून ती कोणा विसरलेल्या कागदाच्या आधारे एके दिवशी काढून घेणे, हाही एक प्रकारचा अन्यायच होय. ही एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की, घेतलेले ऋण केवळ पंचांगाची पाने उलटल्याने फिटते असे कोणाचेही मन सांगत नाही. मुदतीच्या कायद्याचा सगळा इतिहास म्हणजे या दोन बाजूंची ओढाताण आहे.

आपल्या जुन्या ग्रंथकारांनी ही ओढाताण चांगली ओळखली होती. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी म्हैसूर येथे आर. शामशास्त्री यांच्या हाती आली आणि १९०९ साली ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला; तेव्हा त्यात कर्जाला स्पष्ट मुदत घातलेली आढळली. धनकोने दहा वर्षे उपेक्षिलेले ऋण परत घेण्यास पात्र नाही, असा तो नियम आहे. परंतु नियमाहून त्याचे अपवाद अधिक बोलके आहेत. धनको अज्ञान बालक असेल, वृद्ध असेल, आजारी असेल, संकटात सापडलेला असेल, परदेशी गेला असेल, देशोधडीला लागला असेल किंवा राज्यातच गोंधळ माजला असेल, तर ही दहा वर्षे त्याच्याविरुद्ध मोजायची नाहीत. काळ सर्वांसाठी एकाच चालीने चालत असला, तरी तो सर्वांच्या विरुद्ध सारखाच मोजणे न्याय्य नाही, ही जाणीव त्या अपवादांच्या यादीत आहे.

स्मृतिकारांचा कल थोडा निराळा आहे. याज्ञवल्क्याने जमिनीसाठी वीस वर्षे आणि इतर धनासाठी दहा वर्षे सांगितली. मालक पाहत आहे, तोंडातून शब्द काढीत नाही आणि दुसरा उपभोग घेत आहे, अशी स्थिती तितकी वर्षे टिकली तर मालकाची हानी होते. परंतु गहाण, सीमा, ठेव, राजाचे धन, स्त्रियांचे धन, अज्ञानाचे धन, श्रोत्रियाचे धन यांना त्याने हा नियम लावला नाही. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत कल्याणी येथे विज्ञानेश्वराने या स्मृतीवर मिताक्षरा टीका लिहिली. आपल्या मुलखातील हिंदू कायद्याचा पाया पुढे हीच टीका ठरली. विज्ञानेश्वराला याज्ञवल्क्याचा नियम शब्दशः घेणे पटले नाही. वीस वर्षांच्या मौनाने जी हानी होते ती उत्पन्नाची, मालकीची नव्हे, असे त्याने प्रतिपादन केले. मूळ हक्काचा पुरावा नसताना केवळ भोगवटा पुरेसा ठरण्यासाठी काळ मानवी स्मरणाच्या पलीकडचा असला पाहिजे, आणि स्मरणाची ती मर्यादा त्याने शंभर वर्षांची धरली. इंग्लंडातही पुढे १२७५ च्या कायद्याने अशीच एक सीमा ठरविली. तेथे ती पहिल्या रिचर्डच्या राज्यारोहणाच्या, म्हणजे ११८९ च्या, वर्षावर बसविण्यात आली. माणसाच्या स्मृतीला कोठेतरी खुंट मारावा लागतो, हे दोन्हीकडच्या शास्त्यांना उमगले होते.

कर्जाच्या बाबतीत मात्र धर्मशास्त्राने मुदतीपेक्षा मर्यादेवर भिस्त ठेवली. बापाचे ऋण मुलाने फेडावे, आजोबाचे मुद्दल नातवाने फेडावे, हा धर्म. म्हणून ऋणाला मरण नाही. परंतु त्या ऋणाच्या वाढीला वेसण आहे. तिचे नाव दामदुप्पट. रोख कर्जावर एका वेळी वसूल होणारे व्याज मुद्दलाहून अधिक असता कामा नये, हा तो नियम. मनू व याज्ञवल्क्य या दोघांतही त्याचे मूळ आहे, आणि इंग्रजी अमलात मुंबईच्या उच्च न्यायालयानेही तो हिंदू ऋणकोंच्या बाबतीत मानला. तेव्हा आपल्याकडची जुनी तडजोड अशी दिसते : कर्ज जुने झाले म्हणून बुडायचे नाही, पण जुने झाले म्हणून दुपटीच्या पुढे फुगायचेही नाही.

मराठेशाहीत व्यवहार याच वळणाने चालला. वतनाचे वाद पिढ्यान्‌पिढ्या चालत. गोतसभा बसे, महजर होई, निवाडपत्र लिहिले जाई, आणि तरी सत्ता पालटली की तोच वाद नव्याने उभा राही. कर्जाच्या वसुलीचे मुख्य साधन न्यायालय नसून तकाजा होता. धनको ऋणकोच्या दाराशी माणूस बसवी, स्वतः धरणे धरी, त्याला चारचौघांत लाजवी. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात या तकाज्याचे वर्णन आहे. ही पद्धत सभ्य नव्हती. पण तिच्यात एक गोष्ट होती : सावकाराला गावातच राहावयाचे असे, पाटलाशी व पंचांशी त्याला मिळून वागावे लागे, आणि गाव पाठीशी नसेल तर त्याचा कागद निर्जीव ठरे.

इंग्रजी अमलात तो कागद जिवंत झाला. १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी जी कायदेसंहिता झाली, तिच्या पाचव्या रेग्युलेशनात मुदतीचे नियम आहेत. स्थावर मिळकत तीस वर्षांहून अधिक काळ मालक म्हणून अखंड वहिवाटली, तर ती वहिवाट हाच हक्काचा पुरेसा पुरावा. आणि लेखी रोख्यावरील कर्जासाठी मुदत बारा वर्षांची. बारा वर्षे म्हणजे एक तप. एवढ्या काळात दोनतीन चांगली पिके येतात, दोन दुष्काळही येऊन जातात; कुणबी बुडतो आणि पुन्हा वरही येतो. ती मुदत कोणी शेतीच्या चक्राकडे पाहून ठरविली असेल असे नाही. पण त्या चक्राशी ती जुळत होती, हे खरे.

त्यानंतर दोन बदल चार वर्षांच्या अंतराने झाले. १८५५ च्या अठ्ठाविसाव्या कायद्याने व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा उठविली. आणि १८५९ च्या चौदाव्या कायद्याने साऱ्या देशासाठी मुदतीचे नियम केले. त्यांचा अंमल १८६२ पासून सुरू झाला. या कायद्याने साध्या, नोंदणी न झालेल्या कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. जुनेपुराणे रोखे उकरून काढून ऋणकोला गांजण्याची वाट बंद व्हावी, व्याज वर्षानुवर्षे साचत जाऊ नये, खोटे दस्तऐवज व खोट्या साक्षी यांना आळा बसावा, असे त्यांच्या मनात होते. इंग्लंडातील १६२३ चा मुदतीचा कायदा साध्या करारासाठी सहा वर्षे देत असे; इकडे तीनच पुरेत असे ठरले. कायद्याचा मसुदा वाचणाऱ्याला वाटावे की, हा ऋणकोच्या रक्षणाचा कायदा आहे. प्रत्यक्षात त्याच कायद्याने कुणब्याच्या गळ्यातील फास आवळला गेला.

तो कसा, हे समजण्यास थोडे गणित करावे लागेल. माझ्या समव्यवसायी बंधूंनी ते वर्गात फळ्यावर जरूर करून दाखवावे. चक्रवाढ व्याजाचा धडा याहून चांगल्या रीतीने शिकविता येणार नाही. समजा, एका कुणब्याने शंभर रुपये काढले, दरमहा दर शेकडा दोन रुपये सरळ व्याजाने, आणि तो काहीच फेडू शकला नाही. वर्षाचे व्याज चोवीस रुपये. एकच रोखा बारा वर्षे चालला, तर व्याज दोनशे अठ्ठ्याऐंशी होते. पण दामदुप्पट आडवी येते आणि सावकाराला एकूण दोनशेच रुपये मागता येतात. आता तीन वर्षांची मुदत लावून पाहा. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस रोखा मुदतीबाहेर जाण्याच्या आत सावकार येतो आणि मुद्दल शंभर व व्याज बहात्तर अशा एकशे बहात्तर रुपयांचा नवा रोखा लिहून घेतो. नव्या रोख्यात ही सारी रक्कम मुद्दल म्हणून पडते. सहाव्या वर्षी ती दोनशे शहाण्णव रुपयांच्या जवळ जाते, नवव्या वर्षी पाचशे नऊच्या घरात, आणि बाराव्या वर्षी आठशे पंचाहत्तरावर. हाती आले शंभर. बारा वर्षांनी देणे आठशे पंचाहत्तर. कोणत्याही एका रोख्यावर व्याज मुद्दलाच्या पुढे गेलेले नाही, म्हणून दामदुप्पटीचा नियम शब्दाने कोठेच मोडलेला नाही. तो शाबूत राहिला आणि पोकळ झाला. व्याज साचू नये म्हणून केलेल्या मुदतीनेच व्याजाला मुद्दलाचे रूप दिले, हे या प्रकरणातील मर्म होय.

येथे हुशार विद्यार्थी हटकून एक प्रश्न विचारतो : मग त्याने नव्या रोख्यावर अंगठा दिलाच का? आणखी काही दिवस टाळले असते तर सावकाराचा दावाच संपला असता! प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर इतिहासाच्या गाभ्यात नेणारे आहे. सावकारासमोर दोन वाटा होत्या : नवा रोखा किंवा दावा. दावा लागला की कुणब्याला शेत सोडून दूरच्या न्यायालयात खेटे घालावे लागत. तो जात नसे, आणि निकाल बहुधा एकतर्फी होई. मग जप्ती, प्रसंगी दिवाणी तुरुंग. शिवाय शेतसाऱ्याचा हप्ता, पेरणीचे बी, बैल यांसाठी उद्या पुन्हा त्याच सावकाराच्या दारी जावयाचे होते. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, रोख्याची मुदत कधी संपते हे सावकाराला ठाऊक होते, कुणब्याला नव्हते. रोखा मोडीत लिहिलेला, तारीख आत कोठेतरी दडलेली, प्रत सावकाराच्या पेटीत. मुदतीचा कायदा हा मुळात तारखेचा कायदा आहे. आणि ज्याला तारीख वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो.

आता सुप्याच्या होळीकडे पुन्हा पाहू. डिसेंबर १८७४ पासूनच शिरूर तालुक्यातील करडे गावात सावकारांवर बहिष्कार सुरू झाला होता. त्यांची चाकरी, त्यांचे पाणी, त्यांची हजामत बंद झाली होती. पाच महिन्यांनी सुप्याचा जमाव कागदावर तुटून पडला, तेव्हा त्याच्या दृष्टीने तो केवळ सूड नव्हता. जुन्या व्यवहारात ऋण हे माणसांच्या स्मरणात, गावाच्या साक्षीत राहत असे. आता ते दर तीन वर्षांनी नवा जन्म घेणाऱ्या कागदात राहू लागले होते. शंभराचे आठशे झाले ते शेतात नव्हे, घरात नव्हे, पंचांसमोर नव्हे, तर त्या कागदावर. निरक्षर कुणब्याने कागद जाळून जो युक्तिवाद केला, तो कायदेपंडितांच्या युक्तिवादाहून फारसा निराळा नव्हता. त्याने हिंसेचा मार्ग धरला, त्याचे समर्थन कोणी करू नये. घरे जळणारे सावकारही त्याच गावचे होते आणि त्यांतील पुष्कळ लहानसहान दुकानदार होते. पण राग कोठे व का पडला, हे समजून घेणे इतिहासाच्या शिक्षकास चुकविता येत नाही.

मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. कर्जाच्या वाढीत मुदतीच्या कायद्याचा हात आहे, हे त्या अहवालाने सांगितले. १८७९ साली सतरावा कायदा, म्हणजे दख्खन शेतकरी साहाय्य कायदा, पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी झाला. शेतकऱ्याला कर्जापायी तुरुंगात टाकणे त्याने बंद केले. न्यायालयाने रोख्यावर थांबू नये, व्यवहाराच्या आरंभापर्यंत मागे जावे, आणि मुद्दलात मिसळलेले व्याज योग्य वाटल्याखेरीज मुद्दल म्हणून धरू नये, असा दंडक घातला. शेतकऱ्याचा रोखा ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, अशी व्यवस्था केली. आणि मुदत? ती वाढविली. नोंदलेल्या लेखी दस्तऐवजावर बारा वर्षे व इतर बाबतीत सहा वर्षे. म्हणजे ऋणकोच्या हितासाठी धनकोला अधिक काळ दिला गेला! वरवर पाहता उफराटे वाटणारे हे कलम वरील गणित केलेल्या वाचकास मुळीच उफराटे वाटणार नाही. एल्फिन्स्टनच्या काळचे एक तप पुन्हा परत आले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याच्या अंमलबजावणीत काही वर्षे काम केले. १८८७ साली ते त्याखालील विशेष न्यायाधीश झाले. महात्मा जोतीराव फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ १८८३ चा, म्हणजे याच काळातील. एकाने न्यायासनावरून व दुसऱ्याने लोकांत उभे राहून ज्या दुखण्याकडे पाहिले, त्याचे मूळ अज्ञानात आहे, याविषयी दोघांचे दुमत नव्हते. १८७९ च्या कायद्याने पुष्कळ खटल्यांत न्याय झाला. पण रोग हटला असे म्हणता येत नाही. सावकारांनी गहाणखताऐवजी सरळ खरेदीखतच लिहून घेण्याची वाट धरली आणि पुढे तीही बंद करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती करावी लागली. कलम एक वाट बुजविते, व्यवहार दुसरी काढतो. तरीही या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली : मुदत लांब की आखूड, यावर तिचा न्याय ठरत नाही, ती मोजण्याची शक्ती दोन्ही पक्षांना सारखी आहे की नाही, यावर तो ठरतो.

याच प्रश्नाचे वेगळे रूप गोमंतकात दिसले. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. तिच्यानुसार कर्जाची सर्वसाधारण मुदत ऋणको सद्भावनेने वागला असल्यास वीस वर्षे, एरवी तीस वर्षे होती. १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर भारताचा मुदतीचा कायदा आणि ही संहिता यांचे नाते काय, हा प्रश्न उभा राहिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ साली संहितेतील मुदतीच्या तरतुदी स्थानिक कायदा म्हणून टिकून आहेत असा निर्णय दिला. २००१ साली तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरविला आणि तेथेही १९६३ चाच कायदा चालेल असे ठरविले. सावंतवाडीत तीन वर्षांत मावळणारा दावा पेडण्यात वीस वर्षे जिवंत, ही स्थिती संपली. हक्क तेच, माणसे त्याच भाषेची, पण सीमा ओलांडताच काळाची लांबी बदलत होती. मुदत ही निसर्गाने दिलेली नसून माणसांनी ठरविलेली असते, याचा याहून ठळक दाखला कोणता?

आतापर्यंतचे विवेचन दिवाणी दाव्यांचे झाले. फौजदारी गुन्ह्याची गोष्ट निराळी. राजाच्या विरुद्ध काळ धावत नाही, असे एक जुने लॅटिन सूत्र इंग्रजी कायद्यात आहे. गुन्हा हा राज्याविरुद्धचा असल्याने त्याला मुदत नाही, हा त्याचा अर्थ. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत म्हणूनच सर्वसाधारण मुदत नव्हती. १९७३ च्या संहितेने प्रथमच ती आणली : केवळ दंडाच्या गुन्ह्यास सहा महिने, एक वर्षापर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यास एक वर्ष, तीन वर्षांपर्यंतच्या कैदेच्या गुन्ह्यास तीन वर्षे, त्याहून गंभीर गुन्ह्यांना मुदत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने हीच पायरी कायम ठेवली. यात एक विवेक आहे. क्षुल्लक अपराधाची टांगती तलवार कोणाच्या डोक्यावर जन्मभर ठेवू नये. पण खुनाला पंचांगाचा आसरा मिळू नये. तथापि येथेही तारीख कोणती धरायची हा वाद झालाच. फिर्यादीने वेळेत तक्रार दिली, परंतु दंडाधिकाऱ्याने तिची दखल उशिरा घेतली, तर दोष कोणाचा? २०१३ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितले की, तक्रार दाखल झाल्याचा दिवस मोजावा. न्यायालयाच्या विलंबाची शिक्षा फिर्यादीला नको, हे तत्त्व स्पष्ट झाले.

दिवाणी बाजूस १८७१, १८७७ व १९०८ असे एकामागून एक कायदे होऊन शेवटी १९६३ चा कायदा १ जानेवारी १९६४ पासून अमलात आला. करारावरील पैशाच्या दाव्यास त्यात सामान्यतः तीन वर्षे, स्थावराच्या ताब्यासाठी बारा वर्षे आणि सरकारच्या दाव्यास तीस वर्षे आहेत. १९०८ च्या कायद्यात सरकारला साठ वर्षे होती. अज्ञान बालकाची मुदत तो सज्ञान होईपर्यंत थांबते; फसवणूक उघडकीस येईपर्यंत ती सुरू होत नाही. कर्जाच्या बाबतीत आजही जुनी भावना शिल्लक आहे. मुदत संपल्याने ऋण नाहीसे होत नाही. न्यायालयाचे दार तेवढे बंद होते. म्हणून १८७२ च्या करार कायद्यानुसार, मुदतबाह्य कर्ज फेडण्याचे वचन ऋणकोने सहीनिशी लिहून दिले, तर ते बंधनकारक ठरते.

आणि कौटिल्याचा 'राज्यातील गोंधळ'? तोही आपल्या डोळ्यांदेखत परत आला. कोविडच्या साथीत न्यायालयांची दारे बंद झाली, माणसे गावोगाव अडकली. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून आदेश काढून १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळला. अर्थशास्त्रातील त्या अपवादांच्या यादीला साथीच्या रोगाची एक नवी ओळ जोडली गेली, असे म्हणता येईल.

या सर्व इतिहासाचे तात्पर्य शिक्षकांच्या दृष्टीने काय? अक्षरओळख ही केवळ ग्रंथवाचनाची शिदोरी नव्हे. कागदावरील तारीख वाचता येणे, आपण कशावर सही करतो हे कळणे, ही स्वातंत्र्याची पहिली पायरी आहे. आजचा शेतकरी, कामगार किंवा गृहिणी पूर्वीच्या कुणब्याइतकी निरक्षर नाही. परंतु दावा लावण्याची, अपील करण्याची, तक्रार नोंदविण्याची मुदत ठाऊक नसल्याने हक्क गमावणारी माणसे आजही आपल्या आसपास आहेत. नागरिकशास्त्राच्या तासाला राष्ट्रपतींचे अधिकार आपण पाठ करवून घेतो. त्याच तासाला एक साधा करार वाचावयास दिला आणि त्यातील तारखा काढावयास सांगितल्या, तर काही बिघडणार नाही.

संशोधनाची आवड असलेल्या सभासदांस आणखी एक सुचवावेसे वाटते. आपल्या भागातील जुन्या वाड्यांत, दुकानदारांच्या पेट्यांत मोडी रोख्यांची जुडगी अजूनही पडून आहेत. राजघराण्यांची पत्रे नसल्याने त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. असे एखादे जुडगे हाती आले, तर रकमेच्या आधी तारखा पाहाव्यात. एकाच ऋणकोच्या नावाचे, तीन-तीन वर्षांच्या अंतराने लिहिलेले आणि प्रत्येक वेळी मुद्दल वाढलेले रोखे त्यात निघाले, तर १८५९ चा कायदा त्या घरात शिरून काय करीत होता, हे समोर दिसेल. पहिल्या रोख्यातील मुद्दल आणि शेवटच्या रोख्यातील मुद्दल शेजारी मांडावे. मधल्या प्रत्येक कागदाखालचा अंगठा मोजावा. सुप्याच्या लोकांनी जे कागद जाळले, त्यांचीच ही मागे उरलेली भावंडे आहेत, आणि ती वाचण्यासाठी कोणतीही मुदत ठरलेली नाही.